पट्ट्यांचा दिवस
आज नाशिकच्या घरी लाकडी जहाजाची छोटी प्रतिकृती बनवण्याच्या संचातील सांगाड्यावर पहिल्या पट्ट्या चढवल्या. सांगाड्याचा घेर मध्यभागी मोठा आणि नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, लहान असल्यामुळे प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती तासावी लागते, मग पाण्यात भिजवून, उष्णतेने वाकवून, गोंद वाळेपर्यंत चिमट्यांनी धरून ठेवावी लागते. डावीकडे एक लावली की उजवीकडे लगेच तिची जोडीदार लावायची, नाहीतर ताणाने कणाच वाकतो. हे करताना मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याने मलबारी सागापासून बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगणारी ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका सतत आठवत होती. तिच्या सुतारांविषयी मला मनापासून आदर वाटतो. पट्ट्यांची पुढची जोडी उद्या सकाळी लावणार आहे.