लेकीच्या शाळेचा फॉर्म आणि लातूरची खोली

मागच्या आठवड्यात लेकीच्या शाळेचा फॉर्म भरायला बसलो आणि रेसच्या, म्हणजे वंशाच्या, रकान्यापाशी अडकलो. अमेरिकेत, ओहायोत सहा वर्षं झाली, असले फॉर्म कितीतरी भरले, स्वतःसाठी असलं की एशियनवर टिक करून मोकळा व्हायचो, पण पोरीचं नाव वर लिहिलेलं आणि खाली हे, हातच उठेना.

रात्री मग वाचत बसलो. भगतसिंग थिंद म्हणून अमृतसरकडचे एक शीख गृहस्थ, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तेव्हा बाहेरून आलेल्यांत नागरिकत्व फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना मिळायचं, म्हणून त्यांनी कोर्टात मांडलं की मी उच्च जातीचा, आर्य, म्हणजे गोराच. 1923 साली सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं. पुढं 1970 च्या जनगणनेत आपल्याला गोऱ्यांत धरलं अन् 1980 ला एशियन इंडियन असा वेगळा रकाना दिला.

निकाल वाचून लई राग आला. पण ते 'उच्च जातीचा' काही केल्या डोक्यातून जाईना.

अकरावीला ट्यूशनसाठी मी आणि माझा एक मित्र लातूरला खोली शोधत फिरत होतो. घरमालक नाव विचारायचे, मग 'पूर्ण नाव सांगा की', म्हणजे आडनाव. माझं ऐकून चहा यायचा, त्याचं ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. तीन घरं अशी झाली. चौथ्या घरी मला एकट्याला द्यायला तयार झाले आणि मी घेतली. सोळाचं वय, वडिलांनी ॲडव्हान्स देऊन टाकलेला, मी तरी काय करणार होतो? तो हॉस्टेलला गेला. दोस्ती राहिली, तो विषय आम्ही कधी काढला नाही.

इथल्यांनी आपल्याला शिकवावं असंही काही नाही. आपल्या घटनेनं अस्पृश्यता 1950 लाच बंद केली, आणि घर देताना वंश बघू नये हा यांचा कायदा 1968 चा. पण मला इथं कुणी खोली नाकारली नाही, हेही खरंय.

तेवढ्यात अंबाजोगाईहून आईचा फोन. "एवढ्या रात्री कशाचा फॉर्म भरायलास?" म्हटलं, आपल्याकडच्या जातीच्या दाखल्यासारखं असतंय काहीतरी.

"आपल्याला कुठं लागला रे कधी दाखला," म्हणाली.

एशियनवर टिक केली.