ऐरोलीतली पोर्टेबल लिफ्ट आणि झेन: पावसाळ्याआधी कुठवर आलो

मागच्या नोंदीच्या वेळी गाडी उचलायच्या लिफ्टच्या दोन्ही फ्रेम भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. आज माझी जुनी झेन चारही चाकं अधांतरी ठेवून लिफ्टच्या लोखंडी लॉकवर उभी आहे आणि तिच्या पोटाखालचं निम्म्याहून अधिक काम उरकलंय. मधल्या काळात लिफ्टपेक्षा कितीतरी जास्त मेहनत जमिनीवर गेली. त्यामुळे माझं एक मत पक्कं झालंय: घरी पोर्टेबल लिफ्ट घ्यायची असेल त्याने कॅटलॉग उघडण्याआधी आपल्या पार्किंगची फरशी तपासावी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी नव्वदच्या दशकातली मारुती झेन, ९९३ सीसीचं जी१०बी इंजिन, वजन साडेसातशे किलोच्या आसपास. घर ऐरोलीतलं सिडकोचं रो-हाउस, म्हणून डोक्यावर छत असलेली स्वतःची पार्किंग आहे. लिफ्ट एका बंद होणाऱ्या वर्कशॉपमधून सेकंडहँड घेतली. दोन लांबट सपाट फ्रेम, त्यांना तेल पुरवणारं एक पॉवर युनिट आणि होज, म्हणजे तेलाच्या रबरी नळ्या. फ्रेम दाराखालच्या सिलच्या रेषेत सरकवायच्या, रबरी ठोकळे जॅक पॉइंटखाली (गाडी उचलायच्या ठरलेल्या जागांखाली) लावायचे, बटण दाबलं की गाडी सपाटच्या सपाट वर. काम संपलं की सगळं उचलून भिंतीला. खांब रोवायला नकोत, खड्डा खणायला नको.

खाडीजवळ राहणाऱ्याला हे सगळं का लागतं, तेही सांगतो. इथल्या हवेत ओल आणि खार दोन्ही आहेत. वरून चकचकीत दिसणारी जुनी गाडी खालून खात खात जाते, आणि हायड्रॉलिक ट्रॉली जॅकवर एक कोपरा उचलून टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर त्यातलं फार थोडं नजरेला पडतं.

जमीन

रो-हाउसच्या पार्किंगला गेटच्या दिशेने उतार असतो. तो हवाच, नाहीतर जुलैत पाणी थेट हॉलमध्ये. पण लिफ्टला सपाट जागा लागते, कारण उतारावर गाडी जसजशी वर जाते तसतसा तिचा भार खालच्या बाजूला झुकत जातो आणि फ्रेमच्या सांध्यांवर आडवा ताण येतो. गवंडी वापरतात तशी पाण्याची लेव्हल ट्यूब आणून मापं घेतली. गाडीच्या लांबीत दोन इंचांहून जास्त फरक निघाला. शिवाय हातोडीच्या दांड्याने शहाबादी फरशी ठोकत गेलो तर बऱ्याच लाद्या पोकळ वाजल्या.

इथे बरेच जण काँक्रीटच्या ताकदीची काळजी करतात, म्हणून साधा हिशेब मांडतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत वजनाचा साधारण साठ टक्के भाग पुढे असतो. म्हणजे पुढच्या दोन ठोकळ्यांवर मिळून साडेचारशे किलो, एकेकावर सव्वादोनशे. हा भार फ्रेममधून अवघ्या पन्नास चौरस सेंटिमीटरवर उतरला असं धरलं तरी दाब चौरस मिलिमीटरला अर्ध्या न्यूटनच्या आत राहतो. घरकामातल्या एम२० काँक्रीटची ताकद चौरस मिलिमीटरला २० न्यूटन असते. तेव्हा ताकद भरपूर आहे. अडचण येते ती उताराची आणि लादीखालच्या पोकळीची. पोकळीवर लादी तडकली की एक बाजू अचानक बसणार, आणि ती नेमकी गाडी वर असताना.

मी सगळी फरशी फोडायला निघालो होतो. गवंडी म्हणाले, "साहेब, आख्खी कशाला फोडताय? गाडीच्या दोन चाकोऱ्या लेव्हलमध्ये काढून देतो, मधून पाण्याला वाट ठेवू." हे फार बरं सुचवलं त्यांनी. आता चाकं आणि फ्रेम दोन्ही बसतील एवढ्या रुंद दोन पट्ट्या आहेत, पाच इंच जाडीच्या, आत सळई. मधल्या पन्हाळीला पूर्वीचाच उतार आहे, वर जाळी. गेटपाशी पट्टी जिथे उंच झाली तिथे छोटा रॅम्प काढला. माल १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी). एप्रिलच्या उन्हात गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं आणि २८ दिवस पूर्ण होईपर्यंत लिफ्टला हात लावला नाही. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात. आठवड्यात वरून कडक दिसतं म्हणून घाई करू नये.

जॅक पॉइंट

काँक्रीट वाळत होतं तेव्हा गाडीकडे वळलो. सिलच्या खाली पत्र्याची जी उभी कड असते, तिच्यावर सगळा भार येतो. पंचवीस-तीस पावसाळे पाहिलेल्या गाडीत ही कड वरून रंगाने धड दिसते आणि आतून भुगा झालेली असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. पत्रा खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर थांबायचं. माझा डावीकडचा मागचा पॉइंट बद्द वाजला.

डेंटर घरी आले, खराब भाग कापला आणि नवा सीआर पत्रा वेल्डिंगने बसवला. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, जवळचं कार्पेट गुंडाळून घेतलं, पाण्याची बादली हाताशी ठेवली. नव्या पत्र्याच्या आतल्या बाजूला झिंक प्रायमर मारून घेतला, कारण एकदा बंद झाल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही. सिलच्या तळाला पाणी निघण्यासाठी बारीक भोकं असतात, ती मोकळी आहेत का तेही पाहिलं. त्यातली बरीच चिखलाने बुजलेली होती. माझ्या अंदाजाने सिल कुजण्याचं निम्मं कारण तेच.

आपल्याकडच्या छोट्या गाड्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. प्रत्येक लिफ्टला दोन ठोकळ्यांमधल्या अंतराची कमाल मर्यादा असते तशी किमानही असते. झेनचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २३३५ मिलिमीटर, म्हणजे जॅक पॉइंट त्याहून बरेच जवळ. मोठ्या सेदान डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली लांब फ्रेम झेन किंवा ८०० च्या दोन चाकांमध्ये मावेलच असं नाही. वजन पेलण्याची क्षमता सगळे विचारतात, हे अंतर कोणी विचारत नाही. टेप घेऊन स्वतः गाडीखाली वाका, मोजा, मग पैसे मोजा.

वीज आणि तेल

मोटर २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालते, पण सुरू होताना मोठा करंट ओढते. बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर लावली तर व्होल्टेज पडतं, मोटर कण्हते आणि गरम होते. म्हणून मेन बोर्डापासून स्वतंत्र ४ स्क्वेअर एमएमची वायर ओढून १६ अँपिअरचा सॉकेट घेतला. एमसीबी सी टाइपचा. बी टाइप मोटरच्या सुरुवातीच्या झटक्यालाच पडू शकतो. करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आधीच होता, आणि ओल्या पार्किंगमध्ये तो नसेल तर हा उद्योग सुरूच करू नका.

जुन्या होज बदलल्या. रबाळे एमआयडीसीत हायड्रॉलिक होज समोर कापून, टोकं क्रिंप करून देतात. जुना नमुना सोबत न्यावा म्हणजे थ्रेडची भानगड राहत नाही. तेल युनिटच्या पाटीवर लिहिलंय तेच भरलं.

नव्या होजमध्ये हवा असतेच. रिकाम्या फ्रेम पुन्हा पुन्हा वर-खाली केल्या, ब्लीड स्क्रूमधून फेस येणं थांबेपर्यंत. हवा राहिली तर एक फ्रेम आधी उठते आणि दुसरी मागून, आणि वर गाडी असताना हे बघायला नको. दाबाखालच्या होजला गळती आहे का हे बोटाने चाचपू नका, पुठ्ठा फिरवून बघा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून उडालेलं तेल कातडी भेदून आत जातं, आणि त्या जखमेला थेट शस्त्रक्रिया लागते.

पहिल्यांदा वर

शेजारचे काका टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कंपनीत मेंटेनन्स फिटर होते, आता निवृत्त. त्यांना मुद्दाम बोलावलं. त्यांनी आधी ओळंबा मागवला. पुढच्या बंपरवरून ओळंबा सोडला आणि जमिनीवर खडूची खूण केली. या फ्रेमचे हात समांतरभुज चौकोनासारखे उभे राहतात, त्यामुळे गाडी सरळ वर न जाता कमानीत जाते आणि वर जाताना आडवी सरकतेही. माझ्याकडे ती जवळजवळ फूटभर मागे सरकली. मागे भिंत असेल तर हा फूट आधीच सोडून गाडी लावायला हवी. खडूच्या खुणेवर मी आता पिवळी रेघ मारून घेतलीय, पुढचा बंपर रोज तिथेच थांबतो.

सुरुवातीला टायर जमिनीपासून जेमतेम बोटभर सुटेपर्यंतच उचलली. चारही ठोकळे कडेवर नीट बसलेत का ते दोन्ही बाजूंनी वाकून पाहिलं, बंपर धरून गाडी हलवली. मग वर. छताच्या बीमकडे मुलगी बघत होती. झेन बुटकी असल्याने टप बीमच्या बरंच खाली राहतं, पण डिकीचं दार उघडलं तर ते मात्र बीमला लागतं. म्हणून डिकीतलं सगळं सामान आधीच काढायचं.

वरच्या लॉकपाशी पोहोचल्यावर मी बटण सोडलं तर काका म्हणाले, "थांब. दोन्हीकडचा आवाज ऐकलास का तू?" एका बाजूचाच खटका ऐकू आला होता. आणखी थोडी उचलली, दुसराही लागला, मग गाडी हळूच खाली सोडून लोखंडी लॉकवर टेकवली. "आता तेल सगळं निघून गेलं तरी चालेल," काका म्हणाले, "आता जा खाली." या लिफ्टचा सगळा मथितार्थ मला यात दिसतो. पंपाचं काम उचलणं. धरून ठेवायचं काम लॉकचं, आणि लॉकवर टेकल्याशिवाय डोकंच काय, हातही खाली घालू नये. त्यावर आणखी खबरदारी म्हणून मी पुढे-मागे दोन-दोन घोड्या (गाडीखाली ठेवायचे लोखंडी स्टँड) लावतो. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर पुढचं वजन एकदम कमी होतं आणि तोल मागे जातो, त्या कामात घोड्या अनिवार्यच.

उतरवताना आधी गाडी थोडी उचलावी लागते, तेव्हा लॉक सुटतं. याचा अर्थ वीज गेली तर गाडी सुरक्षित राहते पण खाली येत नाही. घरचा इन्व्हर्टर ही मोटर सुरू करू शकत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी लागणार असेल तर रात्री उचलू नका, एवढंच.

खाली काय सापडलं, काय केलं

गिअरबॉक्सचं तेल आधी घेतलं. बाजूच्या प्लगमधून तेल ओसंडेपर्यंत भरायचं असतं आणि ती पातळी गाडी सपाट असेल तरच बरोबर येते. नुसता पुढचा भाग जॅकवर उचलून भरलं की पातळी चुकते. गाडी सपाट उचलण्याचा हा फायदा मला सर्वात मोठा वाटतो. ७५डब्ल्यू-९० भरलं, ड्रेन प्लगच्या चुंबकाला बारीक लोखंडी चुरा होता, तुकडे नव्हते.

उजव्या ड्राइव्ह शाफ्टचं बाहेरचं बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, घडीत चिरलेलं निघालं. ग्रीस अजून शिल्लक होतं, त्यामुळे जॉइंट वाचला, फक्त बूट आणि ग्रीस बदललं. सायलेन्सरचे रबरी हँगर कडक झाले होते, तेही नवे घातले. ब्रेक पाइपवर क्लिपच्या खाली गंजाचे फोड आहेत. क्लिप आणि पाइप यांच्यात चिखल अडकतो आणि तिथेच ओल राहते, त्यामुळे क्लिप न काढता पाइप तपासल्यास हे दिसतच नाही.

बाकी वेळ गंजावर गेला. ग्राइंडरला वायर ब्रश, डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क. सुटा गंज काढला, रस्ट कन्व्हर्टर, मग झिंक प्रायमर. शेवटी काळं रबरी कोटिंग फवारण्याऐवजी मेणासारखं पातळ अँटी-रस्ट मारलं. काळ्या कोटिंगने पहिल्या दिवशी फोटो सुंदर येतो, पण ते गंजावर बसलं की त्याच्याआड पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून संपेपर्यंत काही कळत नाही. मेण दरवर्षी पुन्हा मारावं लागतं. माझ्याकडे लिफ्ट आहे, मी मारीन.

निघालेलं जुनं तेल डब्यात साठवलंय, ते अधिकृत रिसायकलरकडे जाईल. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि आपल्या नवी मुंबईत रस्त्याकडेची गटारं धारण तलावांतून खाडीलाच मिळतात. ठाणे खाडी २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. हिवाळ्यात ज्या चिखलावर फ्लेमिंगो चरतात तिथे आपल्या गाडीचं काळं तेल पोहोचू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुढे

पाऊस लागण्याआधी मागचे दोन्ही ब्रेक पाइप बदलायचे आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चौकशी केली, तयार वाकवलेले पाइप मिळाले नाहीत. म्हणून सरळ पाइप आणून घरीच फ्लेअर करायचा (जोडासाठी टोकं फुलवायचा) विचार आहे, त्यासाठी नागदेवी स्ट्रीटवरून चांगलं फ्लेअरिंग टूल आणतोय. झेनच्या मूळ पाइपचं फ्लेअर कुणी मोजून ठेवलं असेल तर माप नक्की कळवा. मागच्या एक्सलचे बुश त्यानंतर, कारण ते काढल्यावर गाडी चार-पाच दिवस वरच राहील आणि घरी तेवढे दिवस दुसरी गाडी लागेल. पॉवर युनिट भिंतीवर फूटभर उंच ब्रॅकेटवर बसवून झालंय. जाळीखालच्या पन्हाळीत बादलीभर पाणी ओतून पाहिलं, एक थेंबही पट्टीवर चढला नाही.