तीन नंबरचं काउंटर

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५. सव्वादहाला लालबाग शाखेतून फोन आला, "ताई, पासबुक निघत नाहीये." तीन नंबर काउंटरवरचा मुलगा. लागून दीड वर्ष झालंय, आवाज अजून कॉलेजातला. म्हटलं, प्रिंटर बंद करून चालू करा. पाच मिनिटांत परत फोन. "ताई, प्रिंटरचं नाही, पूर्ण सिस्टिमच बसलीय. बाहेर पंधरा माणसं आहेत."

बँक सहकारी, मध्यम आकाराची. नाव सांगत नाही, नोकरी करायचीय अजून. मुख्य कार्यालय फोर्टला, पालघरपासून पनवेलपर्यंत ३४ शाखा, अडीचशेच्या आसपास कॉम्प्युटर, आणि ते सांभाळायला मी आणि एक अर्धवेळ मुलगा. कॉम्प्युटरवर अपडेट पोचवणं हे माझं काम, आणि लालबाग शाखा माझी लाडकी. काहीही नवीन असलं की पहिलं तिथं. मॅनेजर मॅडम कुरकुर करत नाहीत, आणि हा मुलगा सांगितलेलं तंतोतंत करतो. "बुधवारी रात्री मशीन चालू ठेवून जा" म्हटलं की ठेवून जातो. बाकीच्या शाखांत शिपाई सहाला मेन स्विचच पाडतो.

लोकांना अपडेट म्हणजे पडद्यावर फिरणारे ठिपके आणि 'कॉम्प्युटर बंद करू नका'. त्या ठिपक्यांच्या आधी जे घडतं ते मला मनापासून आवडतं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. ती संचयी असते, म्हणजे सप्टेंबरच्या पार्सलात ऑगस्ट, जुलै आणि त्यामागचंही सगळं. चार महिने कपाटात पडलेलं मशीन काढलं तरी एकच पार्सल लावायचं. अशानं पार्सल फुगून डब्बल व्हायला हवं, पण त्यात फायली अख्ख्या नसतात, बहुतेक नुसता फरक असतो. तोही मागच्या महिन्याशी नाही, मूळ आवृत्तीशी. मशीन प्रत्येक फाइल आधी मूळ रूपाला नेतं आणि तिथून नव्या रूपाला आणतं. शिवणकाम येणाऱ्याला लगेच कळेल: खुणेपर्यंत उसवायचं, मग नवी शिवण घालायची. उसवण्याची माहिती पूर्वी पार्सलातच भरून यायची. विंडोज ११ पासून ती मशीन स्वतःच तयार करून ठेवतं, आणि तेवढ्यानं पार्सल सुमारे ४० टक्के हलकं झालं. हे ज्यानं सुचवलं त्याला माझ्याकडून पुरणपोळी.

आता पोचवणं. गेली कित्येक वर्षं आमच्याकडे डब्ल्यूसस होतं. म्हणजे अपडेटचं गोदाम आपल्याच सर्व्हरवर, मी बघून 'अप्रूव्ह' दाबायची आणि शाखांतली मशीनं तिथून उचलायची. त्यांना इंटरनेट नव्हतंच. २००५ चा हा कारखाना, पण चालायचा. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की यात आता नवीन काही घालणार नाही. विंडोज १० ची मुदतही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होती. त्यामुळे पावसाळ्याआधी सगळी मशीनं ११ वर आणली आणि ठरवलं की गोदाम बंद करायचं. मशीनं थेट मायक्रोसॉफ्टकडून घेतील, कोणी कधी घ्यायचं एवढं मी पॉलिसीतून, म्हणजे मशीनांना एकाच जागेवरून पाठवायच्या नियमांतून, सांगणार.

मुहूर्त मी काढला. पितृपंधरवडा. हसू नका. पितृपक्षात नवीन कर्जाच्या फायली येत नाहीत, खाती उघडत नाहीत, शाखा निवांत असतात. आमच्याकडचे निम्मे मोठे बदल मी याच पंधरवड्यात उरकते आणि साहेबांना 'लो ट्रान्झॅक्शन पीरियड' असं लिहून देते.

बुधवारी, १० तारखेला, लालबागची पाच मशीनं पायलट, म्हणजे आधीची चाचणी, म्हणून सोडली. काय सुरेख चाललं! विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सोय आहे: एका मशीननं बाहेरून आणलं की शेजारचं मशीन त्याच्याकडूनच तुकडे मागून घेतं. तुकडा खरा की खोटा हे मशीन मायक्रोसॉफ्टकडून आलेल्या ठशांशी ताडून बघतं, त्यामुळे शेजारी भेसळ करू शकत नाही. पाच मशीनं, पार्सल प्रत्येकी पाऊण-एक जीबी, आणि बाहेरून जवळजवळ एकाचंच आलं. तीन नंबरनं आणलं, बाकी चौघांनी वाटून घेतलं. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीतला तो आकड्यांचा तक्ता मी स्क्रीनशॉट काढून साहेबांना पाठवला. साहेबांनी अंगठा पाठवला. उरलेल्या ३३ शाखांना दोन दिवस मागे ठेवलं होतं. त्यांची पाळी शुक्रवारी सकाळी, मशीनं चालू झाल्या झाल्या.

तर शुक्रवार. लालबागची लाइन ४ एमबीपीएसची. लाइनवाल्या कंपनीला फोन केला तर त्यांचं ठरलेलं उत्तर: "मॅडम, लिंक अप आहे." लिंक अप असते हो, मेलेल्या माणसाच्या हातातलं घड्याळही चालूच असतं. भांडून आलेख मागवला. लाइन काठोकाठ भरलेली, पण उलट्या बाजूनं. शाखेत काही येत नव्हतं, शाखेतून बाहेर जात होतं. आणि लालबागचं अपडेट तर बुधवारीच झालेलं. म्हणजे हे अपडेट नव्हे, असं मी दोन सेकंदांत ठरवून टाकलं.

फायरवॉलच्या नोंदीत सगळ्यात वर एक पत्ता होता. तो तीन नंबर काउंटरचा. मी मेल लिहिला: लालबाग काउंटर ३ वरून मोठ्या प्रमाणावर डेटा बाहेर जात आहे, कृपया तपासावे. मेल साहेबांना आणि सिक्युरिटीवाल्या सरांना. हे वाक्य मी अजून विसरू शकलेले नाही. त्यात खोटं काही नाही, एवढंच त्याच्या बाजूनं बोलता येतं.

सिक्युरिटीवाले सर म्हणजे भाजलेलं मांजर. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्यानं न्हावाशेवाचं एक टर्मिनल ठप्प केलं तेव्हा ते तिकडेच एका शिपिंग एजंटकडे होते. तो व्हायरस युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता, हे ते चहावालाही ऐकेल तिथं सांगतात. त्याआधीच्या महिन्यातला वॉनाक्राय जिथून घुसला, त्या भोकाची दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती आणि लोकांनी लावली नव्हती, हेही. माणूस चुकीचा नाही. पण त्यांनी मेल वाचला आणि थेट शाखेत फोन लावला: तीन नंबरवाल्याला मशीनवरून उठवा, पेनड्राइव्ह आहे का बघा, मोबाइल घ्या.

माझं रिमोट लालबागला जोडलं जात नव्हतं, लाइनच भरलेली. सीएसएमटीवरून धिमी पकडली, चिंचपोकळीला उतरले. विसर्जनाला सहा दिवस झाले होते, रस्त्याकडेला मांडवाचे बांबू रचून ठेवलेले, ताडपत्र्यांच्या घड्या. शाखेत गर्दी दारापर्यंत. एक आजोबा रांगेतूनच ओरडत होते, "पेपरात द्या म्हणावं, बँक बुडाली!" मॅनेजर मॅडमच्या केबिनबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तो मुलगा बसला होता. हात मांडीवर. मला बघून उठला, आणि परत बसला.

तीन नंबरवर बसले. रिसोर्स मॉनिटर उघडला. पाठवणाऱ्यांत सगळ्यात वर एसव्हीसीहोस्ट, म्हणजे विंडोजच्या सेवा पोटात घेऊन चालणारा प्रोग्रॅम, आणि त्याच्या पोटात जी सेवा होती ती डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनची. पोर्ट ७६८०, म्हणजे मशीनांनी एकमेकांना तुकडे द्यायचं ठरलेलं दार. समोरचे पत्ते वाचायला लागले: वसई. ठाणे. पनवेल. विरार. सगळी आपलीच माणसं.

तेव्हा पोटात गोळा आला तो अजून आठवतो. या सोयीचा मूळ मोड 'लॅन' नावाचा आहे, आणि मी तो तसाच राहू दिला होता. लॅन म्हणजे एका खोलीतली, एका मजल्यावरची मशीनं असं मी धरून चालले. ती सेवा मात्र शेजारी ओळखते बाहेरच्या पत्त्यावरून: इंटरनेटवर ज्यांचा पत्ता एक, ते एका घरचे. आमच्या ३४ शाखा इंटरनेटला जातात महापेच्या डेटा सेंटरमधून, एकाच दारानं. म्हणजे तिच्या लेखी पालघर ते पनवेल सगळं एकच घर! आणि त्या घरात शुक्रवारी सकाळी पार्सल आधीपासून कोणाकडे होतं? लालबागकडे. पार्सल तीन दिवस साठवून ठेवणं हीसुद्धा मूळ सेटिंगच. सव्वादोनशे मशीनं एकदम पाच मशीनांच्या दारात उभी राहिली. बाकीच्या शाखांनाही थोडा त्रास होता, पण त्यांनी फोन केला नाही, त्यांना सिस्टिम मंद असण्याची सवय आहे.

हे सगळं कागदोपत्री लिहिलेलं आहे, यात लिहिणाऱ्याची चूक नाही. डब्ल्यूससच्या काळात हे कधी दिसलं नाही, कारण मशीनांना इंटरनेट नव्हतं. शेजारी कोण हे सांगणारी क्लाउड सेवाच त्यांच्या पोचेत नव्हती. आणि पायलट मी एकाच शाखेत केला. एका शाखेत हा दोष दिसणं शक्यच नव्हतं, तिथं तो गुण म्हणूनच दिसणार. दोन शाखांत दोन-दोन मशीनं सोडली असती तर बुधवारीच कळलं असतं.

पॉलिसी बदलून ती मशीनांपर्यंत पोचायला दीड तास लागला असता, तोही लाइन मोकळी असती तर. महापेला फोन करून मधल्या फायरवॉलवर ७६८० बंद करायला लावलं. अकरा पन्नास. दुसऱ्या मिनिटाला पासबुकाचा प्रिंटर करकरला आणि रांगेतून कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हटलं.

पक्की दुरुस्ती नंतर केली. खरी पद्धत म्हणजे अॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे बँकेच्या सगळ्या मशीनांच्या नोंदवहीत, जागेगणिक 'साइट' असतात त्याप्रमाणे गट पाडणं. उघडून बघते तर आमच्याकडे साइट एकच, आणि तिचं नाव डिफॉल्ट-फर्स्ट-साइट-नेम. माझ्या आधीच्या दोघांनी ३४ शाखा उघडल्या, उद्घाटनांचे पेढे खाल्ले, साइट एकानंही बनवली नाही. मग शेजारी फक्त आपल्याच सबनेटमधले, म्हणजे नेटवर्कच्या आपल्याच पत्त्यांच्या गटातले, असावेत असं बंधन घातलं. शाखेगणिक सबनेट वेगळे आहेत, नशीब. रविवारी दोन शाखांत तपासलं, सोमवारी सगळ्यांना सोडलं.

अहवाल दीड पानी झाला. 'कारण: पीअर निवडीचे कॉन्फिगरेशन. उपाय: केला.' दुसऱ्या पानावर एक ओळ लिहिली होती, की काउंटर ३ वरील कर्मचाऱ्याचा याच्याशी संबंध नाही आणि त्यांना तसं लेखी कळवावं. साहेब म्हणाले, "कशाला? त्याच्यावर आपण लेखी आरोप कुठे केलाय?" बरोबर आहे. आरोप कुठेच नाही. माझा मेल आहे फक्त.

त्या दिवशी निघताना मी त्याला म्हटलं, "तुमचं काही नव्हतं, सेटिंग माझं होतं." तो म्हणाला, "हो मॅडम." मोबाइल त्याला परत मिळाला होता, खिशात घालताना त्यानं आधी तो चालू होतोय का बघितलं.

ऑक्टोबरच्या पायलटला लालबाग आणि वसई अशा दोन शाखा घेतल्या. मंगळवारी, १४ तारखेला, लालबागला फोन केला, त्यानंच उचलला. उद्या रात्री मशीन चालू ठेवाल का विचारलं, हो म्हणाला. गुरुवारी सकाळी यादी बघितली. वसईची पूर्ण. लालबागची चार झाली होती. तीन नंबरचा शेवटचा संपर्क: बुधवार, संध्याकाळी सहा वाजून दोन मिनिटं.