शेजारी ठेवलेले दोन हजेरीपट

बीड जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेत सातवीचा वर्ग माझ्याकडे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना परतता येत नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालते. सलग महिनाभर न दिसलेले मूल शाळाबाह्य धरले जाते आणि त्याचा शोध सुरू होतो. माझ्या वर्गातील एक मुलगी मात्र या नियमात कधीच सापडली नाही, कारण ती सलग तीन दिवस कधी घरी राहिलीच नव्हती.

नोव्हेंबरअखेर मुख्याध्यापक रजेवर असल्याने सर्व वर्गांची सरासरी उपस्थिती काढण्याचे काम माझ्याकडे आले. सातवीच्या हजेरीपटाशेजारी चौथीचा उघडला, तेव्हा तिच्या धाकट्या बहिणीच्या ओळीवर माझे बोट थबकले. जेथे एकीचा खाडा, तेथे दुसरीची हजेरी, आणि हे महिनाभर. थोरलीला मी दोनदा वर्गासमोर कामचुकार म्हटले होते.

संध्याकाळी गृहभेटीला गेलो. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आजी, दारात बांधलेली शेळी आणि भिंतीवर दिनदर्शिका. त्या दिवशी शाळेत कोणी जायचे, त्या मुलीचे आद्याक्षर प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने लिहिलेले होते. रविवार तेवढे कोरे.

"आजीला एकलं कसं सोडावं, सर? म्हणून पाळी लावली," थोरली म्हणाली.

मंगळवार मात्र सगळे तिचे होते. मंगळवारी मी गणिताची चाचणी घेतो.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेने वर्षाला चौथीसाठी 200 आणि सातवीसाठी 220 दिवस भरायचे असतात. आम्ही ते भरत होतो. पण या दोघींना मिळून एकीपुरतेच दिवस मिळत होते. वसतिगृहाचा विषय काढताच आजीने तोंड फिरवले, आणि खरे सांगायचे तर मलाही तो पुढे रेटवला नाही. अखेर शेजारच्या चुलतीने दुपारपर्यंत लक्ष ठेवायचे आणि मधल्या सुट्टीत व त्यानंतर तासाभराने एकेकीने घरी जाऊन यायचे, असे ठरले.

चुलती शनिवारी बाजाराला जाते. त्या दिवसाची पाळी अजून चालू आहे, आणि घरी राहणारीच्या नावापुढे मी खाडाच मांडतो.