चंपीसाठी दोन बोटं खाली

मी पॉवरलूमचा जॉबर. सोलापूरच्या पूर्व भागात 29 वर्षं माग दुरुस्त केले. आता रविवारी सकाळी कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये जातो. तिथल्या डॉक्टर मॅडम एकदा म्हणाल्या, "मामा, बसून बसून यांच्या मांड्या वाळल्यात. व्यायामाला काहीतरी बनवा की. पैसे मात्र नाहीत."

भंगारातले पीव्हीसी पाइप विटांवर आडवे ठेवून मी दांड्यांची रांग केली. सगळ्या एकाच उंचीला. राजा सहज ओलांडून गेला. चंपीचा पुढचा डावा पाय रेल्वेखाली गेलाय. ती पहिल्याच दांडीला अडकून तोंडावर पडली आणि दिवसभर माझ्याजवळ आली नाही. मला ते फार लागलं. मॅडमनी सांगितलं, कुत्र्याच्या वजनातला साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागचा पाय गेलेलं कुत्रं त्यामानाने लवकर सावरतं. पुढचा गेला की उरलेल्या एकावर सगळा बोजा.

मागावर बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, चढवला की आधी सुताचा ताण बघतो, मगच माग चालू करतो. इथं मी माप न घेताच सुरू केलं होतं.

मग लाकडी खुंटांना दोन-दोन बोटांवर भोकं पाडली. भोकात खुंटी, खुंटीवर पाइप नुसता टेकवलेला. पाय लागला तर दांडी पडते, कुत्रं पडत नाही. चंपीची दांडी तिच्या मनगटाच्या खाली, आणि दोन दांड्यांत तिच्या अंगाएवढं अंतर. काळूला दिसत नाही, म्हणून प्रत्येक दांडीआधी काथ्याचं पायपुसणं टाकलं. पंजाला खरखर लागली की तो थांबतो, पाय उचलतो.

उतरणीच्या फळीवर पाय घसरायचे. विणीत खोट निघालेली एक चादर मागून आणली आणि फळीवर ताणून बांधली. आपल्या चादरीचं सूत जाड, नखं छान रुततात. खिळे मुद्दाम मारले नाहीत; मुतलं की नाड्या सोडून धुता येते.

उन्हाळ्यात आठच्या आत सगळं आवरतो. त्याआधीही फरशीला तळहाताची मागची बाजू लावून बघतो. मला सोसत नसेल तर त्यांच्या पंजांना कुठून सोसणार? चंपीला एका वेळी पाचच मिनिटं.

गेल्या रविवारी तिनं तीन दांड्या ओलांडल्या, चौथीला वळसा घातला. चौथीची खुंटी मी दोन बोटं खाली घेऊन ठेवलीय.