शून्य पूर्णांक शून्य शून्य जीबी

मामांनी आखातातून आणलेला सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आमच्या फोंड्याच्या घरी माळ्यावर तीसेक पावसाळे पडून होता. तो चालू करायला मला पाच महिने लागले आणि त्यातले तीन एका कार्यालयाच्या खिडकीशी गेले, याचा राग अजून उतरलेला नाही.

बिघाड एका संध्याकाळी सापडला. १९८२ सालच्या या ४८ केबी यंत्रात पडद्यावरचे चित्र खालच्या १६ केबी मेमरीत राहते, आणि ती मेमरी ४११६ क्रमांकाच्या आठ चिपांची असते. टीव्हीवर नुसते ठोकळे दिसत होते, म्हणून मी आठही चिपा परदेशातून मागवल्या. पार्सल अडकले, आणि ते सोडवायला त्या कार्यालयात अर्ज करावा लागला.

अर्जात ‘मेमरी’ हा प्रकार निवडला की क्षमतेचा रकाना उघडे, आणि तो फक्त जीबीत, दोनच दशांश स्थळांपर्यंत भरता येई. एका चिपेत १६,३८४ बिट, आठ मिळून १६ केबी. एक जीबी म्हणजे सुमारे दहा लाख केबी; तेव्हा रकान्यात ०.०० उमटणार, हे उघड होते. पहिला अर्ज ‘क्षमता भरलेली नाही’ म्हणून परत आला. दुसऱ्यात मी जोडपत्र लावून सगळा गुणाकार मांडला, तर खिडकीतले गृहस्थ शांतपणे म्हणाले, “पात्रांव, ज्यात काहीच मावत नाही ती वस्तू तुम्ही मागवता कशाला?” तिसऱ्या खेपेस चिपांवरचा ८२४० हा आकडा बिलात नाही, अशी हरकत निघाली. तो १९८२च्या चाळिसाव्या आठवड्याचा शिक्का आहे, असे सांगितल्यावर माल जुना ठरला. चाळीस वर्षे न वापरता पडून राहिलेल्या वस्तूला नवी म्हणायचे की जुनी, यावर आणखी पाच आठवडे गेले. शेवटी दुसऱ्या एका बाईंनी प्रकार बदलून ‘सुटे भाग, ८ नग’ असे केले. त्यात क्षमतेचा रकानाच नव्हता! पार्सल चौथ्या दिवशी घरी आले. तेव्हा विक्रेत्याला हेच शब्द पाकिटावर आधीच लिहायला सांगा.

एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती. नव्या चिपा बसवण्यापूर्वी रिकाम्या सॉकेटवर मल्टिमीटर लावून पहिल्या पायावर उणे ५, आठव्यावर १२ आणि नवव्यावर ५ व्होल्ट येतात का, हे तपासा. उणे ५ नसताना वीज दिली तर ४११६ जळू शकते, आणि मग पुन्हा ती खिडकी. माझ्याकडे उणे ५ येतच नव्हते. ते तयार करणारा ट्रान्झिस्टर मेला होता. तो स्थानिक दुकानात लगेच मिळाला. पॉवर सप्लायच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो, म्हणून हाताशी असलेला कुठलाही ९ व्होल्टचा चार्जर लावू नका.

दिवाळीच्या आदल्या रात्री पांढऱ्या पडद्याच्या तळाशी सिंक्लेअरच्या स्वामित्वहक्काची, १९८२ सालची ती काळी ओळ उमटली. मामांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि प्रोग्रामच्या कॅसेटी कुठे ठेवल्या म्हणून मामींना हाक मारली.