वाळलेली कळलावी बघायला कोरेगाव रोडला

पुण्यातला कोरेगाव रोड म्हटलं की लोकांना कॅफे आठवतात, मी गेल्या शुक्रवारी तिथे गेलो ते कळलावी ही रानवेल बघायला, तीही वाळलेली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं ऑफिस तिथे आहे, १९५५ पासून, आणि आत हर्बेरियम, म्हणजे वाळवून कागदावर टाचलेल्या वनस्पतींचा संग्रह. आधी मेल टाकून परवानगी घेतली होती.

लोखंडी कपाटं उघडली की डांबरगोळ्यांचा वास. दीड लाखाच्या वर नमुने आहेत म्हणे. तिथल्या मॅडमनी एक फोल्डर काढलं, ग्लोरिओसा सुपर्बा, म्हणजे कळलावीचं शास्त्रीय नाव, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलेलं. उघडलं आणि मी जरा हिरमुसलोच. श्रावणात कुंपणावर पेटल्यासारखं दिसणारं फूल इथे चहाच्या डागासारखं तपकिरी, वेल कागदात मावत नाही म्हणून दुमडलेली, दांडा पांढऱ्या दोऱ्याने टाचलेला. पण पानाचं टोक बघा, तेच लांब होऊन वळतं आणि शेजारच्या काटकीला धरतं, ती गुंडाळी मात्र जशीच्या तशी.

कोपऱ्यात लेबल. गाव, तारीख, कुणी गोळा केली, आणि पुढे फुलाचा रंग, खाली पिवळा वर लाल. वाळल्यावर रंग जातो, मग तो फक्त त्या ओळीतच उरतो.

मी कॉलेजात दाबलेली कळलावी सोबत नेली होती, मोठ्या अभिमानाने. मॅडमनी विचारलं, "कुठली?" मी म्हटलं, ताम्हिणी, बहुतेक. "कधीची?" गप्प. "अहो, नाव नसलं तरी चालतं, ते नंतर कुणीही लावेल. जागा आणि तारीख नसली तर हे नुसतं गवत." हसून बोलल्या, पण लागलं.

रविवारी गाडी काढली, पौडच्या पुढे एका शेताच्या कुंपणावर दिसली, मालकाला विचारून एकच फांदी तोडली. कंद नाही काढला, त्यात कोल्चिसिन असतं, जबरदस्त विषारी, शिवाय पुढच्या वर्षी वेल यायला नको का! पाकळ्या वर वळलेल्या, खाली लटकणारे पुंकेसर, आणि मधली कुक्षीवृंताची दांडी काटकोनात वाकलेली, हे सगळं पावसात उभं राहून वहीत लिहिलं, तारखेसकट. वही भिजली, अक्षर फुटलं, पण वाचता येतंय.

घरी आई दारातच, "कळलावी घरात आणू नये, भांडणं लागतात." मी हसलो. पण दाबून ठेवलेल्या फांदीचा कागद पावसाळ्यात रोज बदलावा लागतो नाहीतर बुरशी धरते, तर मंगळवारी हाताला येईल तो पेपर घातला, आणि बाबांचं शब्दकोडं अर्धंच सुटलेलं होतं.

आई अजून बोलून दाखवतेय, सांगितलं होतं म्हणून.